गाडी खाली घ्यायची असेल तर स्प्रिंग सगळ्यात शेवटी विकत घ्या

"तीस मिमीच्या स्प्रिंगा टाकल्या, गाडी पन्नास मिमी बसली." "खाली घेतल्यापासून प्रत्येक गतिरोधकावर धाडकन आवाज येतो." या दोन तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता पहिला प्रश्न एकच विचारतो: स्प्रिंगा घेण्याआधी काय काय मोजलं होतं? उत्तर जवळजवळ नेहमी सारखंच येतं, काहीच नाही. आखूड स्प्रिंगा टाकून गाडीची उंची किती कमी करायची, तो आकडा फोटो बघून ठरवला, स्प्रिंगा मागवल्या, बसवल्या, आणि त्रास सुरू झाल्यावर शोध सुरू झाला.

हा क्रम उलटा आहे. आधी मापं, मग हिशोब, मग खरेदी. खाली दिलेली पद्धत समोर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे स्विफ्ट, पोलो, आय-२० यांसारख्या. मोजण्याचा आणि हिशोबाचा भाग बाकीच्या गाड्यांनाही उपयोगी पडेल.

## टप्पा १ : गाडी आधी धड आहे का ते बघा

झिजलेल्या सस्पेन्शनवर नव्या स्प्रिंगा टाकल्या की दोष स्प्रिंगांवर जातो. म्हणून आधी शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का, वरच्या माउंटिंगचं रबर फाटलंय का, लोअर आर्मचे (चाक गाडीला खालून जोडणारा दांडा) रबरी बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड ढिले आहेत का, हे बघून घ्या. स्टेअरिंग उभ्या जागी पूर्ण फिरवताना स्प्रिंग "टणक्" करून उडाल्यासारखी वाटली, तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग गेलेलं असतं. स्प्रिंग बदलताना स्ट्रट तसाही खोलायचाच आहे. बेअरिंग, माउंटिंग, धूळ-रबर (शॉकअपच्या दांडीवरचं आवरण) आणि बंप स्टॉप (सस्पेन्शन फार दबलं की आडवा येणारा रबरी ठोकळा) तेव्हाच बदलले तर मजुरी एकदाच लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास सापडते. गाडी खाली लागू नये म्हणून कोणीतरी स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवून ठेवलेले असतात. ते काढा, दोन-तीन दिवस गाडी चालवा, मगच मापं घ्या. बफरसकट घेतलेलं माप खोटं असतं.

तपासा: शॉकअप ८०-९० हजार किलोमीटर चाललेले असतील, तर खर्चात नवे शॉकअप आधीच धरा. थकलेला शॉकअप कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही. रस्त्याचा एक उंचवटा गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते आणि लोक म्हणतात, "स्प्रिंगा खराब निघाल्या."

## टप्पा २ : चार मापं घ्या आणि वहीत लिहा

सपाट फरशी, रिकामी गाडी, अर्धी टाकी. टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा. चारही कोपरे हाताने दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी येईल.

माप चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर घ्यायचं. जमिनीपासून घेऊ नका. टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते, आणि पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही. चारही आकडे लिहा. डाव्या-उजव्या बाजूत ५ मिमीपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. १० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बऱ्याचदा एका स्प्रिंगचं टोक मोडलेलं असतं आणि स्प्रिंग बसते त्या वरच्या वाटीत ते दिसत नाही.

आता गाडीच्या पोटाखालची सगळ्यात खालची जागा शोधा. इंजिन गार्ड, सायलेन्सरचा पाइप, मागच्या बीमचा मध्य. कंपनी सांगते तो ग्राउंड क्लिअरन्स या वर्गाच्या गाड्यांत साधारण १६३ ते १७० मिमी असतो, तोही रिकाम्या गाडीचा.

किती खाली घेणं तुमच्या रोजच्या वाटेला परवडेल, याची मी सांगतो ती सोपी चाचणी करा. जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा आणि इंजिन गार्डला चिकटपट्टीने अशा लावा की त्या गार्डच्या खाली अनुक्रमे २०, ३० आणि ४० मिमी लोंबतील. सायलेन्सरपासून लांब ठेवा, तो तापतो. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. सोसायटीच्या तळघरातला उतार, ऑफिसचा गतिरोधक, गावाकडचा कच्चा रस्ता, सगळं. कोणती पट्टी दुमडली ते रविवारी खाली वाकून बघा. चाळीसची फाटली, तीसची घासून मऊ झाली आणि वीसची कोरी राहिली, तर उत्तर मिळालं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. प्रत्यक्षात गल्लीतले गतिरोधक अरुंद आणि उंच असतात हे आपण रोज बघतो. म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा पुठ्ठ्यावर विश्वास ठेवा.

## टप्पा ३ : चाल किती उरली आहे ते मोजा

बहुतेक लोक हाच टप्पा गाळतात. गाडी खाली घेतली की शॉकअपची दबण्याची चाल, म्हणजे तो अजून किती आत जाऊ शकतो ते अंतर, तेवढीच कमी होते. ती मुळात किती शिल्लक आहे हे माहीत नसेल, तर बाकी सगळा अंदाजच.

समोरचं चाक पूर्ण वळवा, धूळ-रबर वर सरकवा आणि शॉकअपच्या चकचकीत दांडीवर एक प्लास्टिकचा झिप टाय हलका आवळा. तो खाली सरकवून शॉकअपच्या नळीच्या तोंडाशी टेकवा. मागच्या शॉकअपची दांडी दिसत नसेल तर बीमवर जिथे बंप स्टॉप येऊन आदळतो तिथे कणकेचा घट्ट गोळा ठेवा. आता गाडीत पाच माणसं आणि डिकीत बॅगा, म्हणजे गणपतीला कोकणात निघताना असतो तेवढा भार घ्या आणि नेहमीच्या खराब रस्त्यावरून फिरून या.

परत आल्यावर झिप टाय दांडीवर वर सरकलेला दिसेल. त्याच्यापासून बंप स्टॉपपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्याकडे उरलेली चाल. कणकेचा गोळा किती चपटा झाला त्यावरून मागची बाजू कळते.

सावध: भरल्या गाडीत ही उरलेली चाल २० मिमीच असेल आणि तुम्हाला ३५ मिमी खाली जायचं असेल, तर साध्या स्प्रिंगा हा तुमचा मार्ग नाही.

## टप्पा ४ : मार्ग निवडा

स्प्रिंग कापणं. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्या प्रमाणात कडक होते. प्रत्यक्ष दबणाऱ्या ६ वेढ्यांतला १ कापला की कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उंची आणि कडकपणा एकमेकांना बांधलेले राहतात, तुम्हाला हवा तो मेळ मिळत नाही. शिवाय पुष्कळ गाड्यांच्या स्प्रिंगचं टोक आत वळवलेलं असतं. ते कापलं की स्प्रिंग वाटीत नीट बसतच नाही, आणि ग्राइंडरने तापलेल्या कडेपासून पुढे चीर जाऊ शकते. मी हे करत नाही आणि कोणाला करू देत नाही.

स्प्रिंग गॅसने तापवून दबवणं. याबद्दल चर्चाच नको. पोलादाला दिलेलं पाणी त्या जागी उतरतं, प्रत्येक कोपरा वेगळा बसतो, आणि नंतर कुठलाही हिशोब जुळत नाही. वेढे क्लिपांनी आवळून ठेवणंही याच रांगेतलं. चालत्या गाडीत क्लिप सुटली तर एक कोपरा अचानक वर उचलला जातो.

तयार लोअरिंग स्प्रिंगा. २० ते ३० मिमीसाठी, चांगल्या शॉकअपबरोबर, बहुतेकांना हाच मार्ग योग्य. यात दोन प्रकार येतात. एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगेत वेढे समान अंतरावर असतात. वाढत्या कडकपणाच्या स्प्रिंगेत काही वेढे जवळजवळ असतात, ते आधी दबतात आणि मग स्प्रिंग कडक होते. आपल्या रस्त्यांना मला दुसरा प्रकार जास्त पटतो. त्याचं कारण पुढच्या हिशोबात येईल.

कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग असा पूर्ण संच. नळीवरच्या आट्यांनी उंची फिरवून ठरवता येते आणि शॉकअपची नळी छोटी असल्याने दबण्याची चाल परत मिळते. ३५ मिमीच्या पुढे जायचं असेल तर हाच खरा मार्ग. मात्र आटे चिखल आणि खाऱ्या हवेत जाम होतात. रत्नागिरी, अलिबागकडे राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी आणि नंतर ते धुऊन ग्रीस करायची तयारी ठेवावी.

सावध: आयबाख, एच अँड आर यांसारख्या जर्मन स्प्रिंगांवर "३० मिमी" लिहिलेलं असतं ते युरोपातल्या गाडीच्या उंचीपासून. भारतात तीच गाडी बऱ्याचदा जास्त उंच ठेवून विकली जाते. २०२२ पर्यंत इथे विकली गेलेली पोलो हे त्याचं ठळक उदाहरण. त्यामुळे इथे गाडी आकड्यापेक्षा जास्त बसते. डिझेल आणि पेट्रोल इंजिनाच्या वजनातला फरकही धरा. खोक्यावर पुढच्या आसाचा कमाल भार छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा ५ : हिशोब करा

"तीस मिमी आखूड स्प्रिंग टाकली की गाडी तीस मिमी खाली" हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग कडक असेल तर ती त्याच वजनाखाली कमी दबते.

आधी वजन. जवळच्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जुळलं पाहिजे. समजा पुढचं ६४० किलो आलं. एका चाकावर ३२०. त्यातून चाक, ब्रेक, हब असा स्प्रिंगच्या खालचा भार साधारण ३५ किलो वजा करा. स्प्रिंगवर उरले २८५ किलो. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतः मोजा.)

समजा मूळ स्प्रिंग २.२ किलो प्रति मिमी, म्हणजे १ मिमी दबायला २.२ किलो लागतात. २८५ भागिले २.२, म्हणजे ती १३० मिमी दबलेली आहे. नवी २.८ ची घेतली तर ती १०२ मिमीच दबेल. मोकळी लांबी तीच ठेवली तर गाडी २८ मिमी वर जाईल! म्हणजे २५ मिमी खाली यायला नवी स्प्रिंग २५ अधिक २८, अशी एकूण ५३ मिमी आखूड हवी. स्ट्रटमध्ये स्प्रिंग आणि चाक जवळजवळ बरोबरीने हलतात म्हणून हा साधा हिशोब चालतो. डबल विशबोनमध्ये (चाक वर-खाली दोन आर्मवर धरलेलं सस्पेन्शन) तो तसाच लावू नका.

आता चाक हवेत लटकल्यावर काय होतं ते बघा. समजा मूळ उंचीपासून शॉकअप ८० मिमी लांब होतो. गाडी २५ मिमी खाली आल्यावर ही चाल १०५ झाली. पण नवी स्प्रिंग दबलेली आहे १०२ मिमीच. म्हणजे खड्ड्यावरून चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग ३ मिमी सैल सुटते, वाटीतून हलते आणि परत बसताना खटकन वाजते. "नव्या स्प्रिंगांचा आवाज" म्हणतात तो पुष्कळदा हाच. २.५ ची स्प्रिंग घेतली तर ती ११४ मिमी दबलेली राहील आणि लटकतानाही ९ मिमी आवळलेली असेल. वाढत्या कडकपणाची स्प्रिंग हेच काम आपल्या मऊ वेढ्यांनी करते.

दबण्याची बाजूही मोजा. बंप स्टॉपपर्यंत आधी ७५ मिमी होते, म्हणजे ७५ गुणिले २.२, असा १६५ किलोचा धक्का स्प्रिंग एकटी पेलत होती. आता ५० मिमी उरले. २.८ च्या स्प्रिंगेसह १४० किलो, २.५ सह १२५. हाच हिशोब ४० मिमी खाली घेऊन करा: चाल ३५ उरते, आणि १६५ किलो पेलायला ४.७ ची स्प्रिंग लागते, मूळच्या दुपटीहून जास्त. मूळ शॉकअपवर ४० मिमी का जमत नाही, ते या एका ओळीत दिसतं.

मूळ कडकपणा कंपनी सांगत नाही. स्प्रिंग तपासायचं मशीन असलेला एमआयडीसीतला कारखाना तो मोजून देऊ शकतो. आकडा न्यूटनमध्ये मिळाला तर ९.८ ने भागा. तारेची जाडी वर्नियरने नीट मोजा, अंदाजाने नाही. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिमीची तार १३ मिमीची केली की कडकपणा ३८ टक्क्यांनी वाढतो.

तपासा: मागच्या स्प्रिंगेचा हिशोब भरलेल्या गाडीचा करा. मागे तीन माणसं आणि बॅगा मिळून एका बाजूला १०० किलो वाढले, तर २ किलो प्रति मिमीची स्प्रिंग आणखी ५० मिमी बसते. रिकामी गाडी मागून थोडी उंच दिसत असेल तर दिसू द्या.

## टप्पा ६ : कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनमालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणून आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर थांबा, असं माझं स्पष्ट मत आहे.

## टप्पा ७ : समोरच्या स्प्रिंगा

१. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर हात घालू नका.

२. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप कुठल्या क्लिपमध्ये आहेत याचा फोटो काढा, मग सोडवा. लिंक रॉड काढा.

३. स्ट्रटच्या खालच्या बोल्टच्या जागेवर रंगाची खूण करा. स्ट्रट सुटला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर झुकतो, त्याला तारेने बांधून ठेवा. नाहीतर ॲक्सलचा आतला जॉइंट निसटतो आणि ब्रेकच्या पाइपला ओढ बसते.

४. स्ट्रट बाहेर काढा. स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर दोन बाजूंना लावा, आळीपाळीने आवळा. स्प्रिंग दोन्ही वाट्यांत सैल झाली, हाताने फिरू लागली, की मगच मधला नट सोडा.

सावध: कॉम्प्रेसर न लावता मधला नट कधीही सोडू नका. दबलेल्या स्प्रिंगेत शेकडो किलोंचा जोर असतो. जीव गेलेले लोक आहेत. तोंड स्प्रिंगच्या सरळ रेषेत नको.

५. नवी स्प्रिंग अक्षरं सरळ वाचता येतील अशी धरा. खालच्या वाटीत एक पायरी असते, स्प्रिंगचं टोक तिला टेकायला हवं. माझ्याकडे अलाइनमेंटला आलेल्या एका गाडीचं स्टेअरिंग सतत डावीकडे ओढत होतं. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं. चाक काढून टॉर्च मारला, तर स्प्रिंगचं टोक पायरीच्या बोटभर पुढे चढून बसलं होतं आणि वाटीचा रंग तिथे खरवडून पोलाद चमकत होतं. स्ट्रट खोलून स्प्रिंग फिरवून बसवली, ओढणं थांबलं.

६. बंप स्टॉप स्प्रिंगवाल्याच्या कागदात जेवढा सांगितलाय तेवढाच कापा. काही सांगितलं नसेल तर कापू नका.

७. नट सेल्फ-लॉकिंग असतील तर नवे लावा. सगळं आवळणं टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे.

## टप्पा ८ : मागच्या स्प्रिंगा

हे सोपं आहे. बीमखाली जॅक द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, बीम हळू खाली घ्या, स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकच्या पाइपवर नजर ठेवा, ताणला की थांबा. वरचं-खालचं रबर पुसून, टोक जागेवर बसवून परत लावा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह बीमला जोडलेला असतो. तो असेल तर मॅन्युअलप्रमाणे परत लावून घ्या, नाहीतर गाडी भरलेली आहे असं समजून तो मागे जास्त ब्रेक देतो.

सावध, पुढे-मागे दोन्हीकडे: रबरी बुशातून जाणारे बोल्ट चाकं हवेत असताना शेवटचे आवळू नका. आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, दाबून सोडा, मग आवळा. हवेत आवळलेला बुश गाडी उतरवल्यापासून पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

## टप्पा ९ : रस्त्यावर आणण्याआधी आणि नंतर

टप्पा २ मधली चारही मापं परत घ्या. मग समोर वाकून लोअर आर्म बघा. त्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल, तर गाडी जास्त खाली आली आहे. अशा वेळी वळणावर गाडी उलट जास्त कलते, स्प्रिंग कडक असूनही. खंबाटकीच्या घाटात हे लगेच जाणवतं.

स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर आतल्या प्लास्टिकला लागतो का ते बघा. शंका असेल तिथे कणकेचा गोळा चिकटवून एक फेरी मारा.

शे-दीडशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसू द्या, मग अलाइनमेंट. आधी केलं तर परत करावं लागेल. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) दोन्हीची छापील पट्टी मागून घ्या. गाडी खाली आली की टो बदलतोच, आणि टायर आतल्या कडेने झिजायला सुरुवात होते. हेडलाइटचा झोतही तपासा, पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नसेल तर तो बदलतो.

५०० किलोमीटरनंतर झिप टाय परत लावून भरल्या गाडीची फेरी मारा, बोल्ट पुन्हा तपासा, चार मापं पुन्हा लिहा. बसवल्यानंतरच्या मापापेक्षा ५ मिमीहून जास्त बसलेली स्प्रिंग विकणाऱ्याला परत द्या.

जुन्या स्प्रिंगा भंगारात टाकू नका. डावी, उजवी, पुढची, मागची अशा चिठ्ठ्या बांधून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवा. आरटीओने मूळ रूप मागितलं, गाडी विकायची वेळ आली किंवा घरी बाळ आल्यावर मऊ गाडी हवीशी वाटली, तर एका दुपारी परत बसवता येतात.